वादळ-पुराचं साल

ता. २ ऑक्टोबर

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र उघडलंस हे बरं केलंस. फोन केला असता तर आवाज ओळखून तू ठेवून दिला असतास. पत्राचं तसं नसतं. फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की तुझ्यासारखा माणूस चष्मा शोधतोच.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे जिवंत आहेत. एकोणीस वर्षांनी पत्र आलं की माणसाच्या मनात आधी तेच येतं, म्हणून सांगून टाकलं. तुझी वहिनी ठणठणीत आहे. मलाही तसं काही नाही, फक्त डाव्या कानात वारा शिरल्यासारखा आवाज येतो. वादळ येणार असलं की वाढतो. कधी कधी वादळ नसतानाही वाढतो, पण तेव्हा ते दुसरीकडे कुठेतरी येत असणार.

आता कामाचं. आपल्या लायब्ररीत एक नवी बाई आली आहे. जुन्या आपत्तींचं प्रदर्शन मांडायचं तिने डोक्यात घेतलंय. गारांचं साल, नदी आटली ते साल, धुक्यात दोन लग्नांच्या वराती एकमेकींत मिसळल्या ते साल, असं सगळं. गारांवरून आत्ताच भांडणं सुरू झाली आहेत. बाईने म्हाताऱ्यांना विचारलं, गारा केवढ्या होत्या? पहिला म्हणाला लिंबाएवढ्या. दुसरा म्हणाला संत्र्याएवढ्या. तिसऱ्याला बोलवायच्या आधीच तिने पाटी रंगवायला दिली, नाहीतर कलिंगडापर्यंत गेलं असतं. आणि समोरच्या सगळ्यात मोठ्या भिंतीवर आपलं, म्हणजे वादळ-पुराचं साल.

ती घरी आली होती. म्हणाली, "आजोबा, वादळात जन्मलेले ते तुम्हीच ना?"

म्हटलं, "मीच."

"आणि पुरात जन्मलेले?"

"तो माझा धाकटा चुलतभाऊ. आमचं बोलणं नाही."

तर म्हणते, "बोलू नका हो. नुसते शेजारी उभे राहा. फोटोपुरतं."

तिने तुलाही लिहिलं आणि तुझं उत्तर मला वाचून दाखवलं. 'दादाने स्वतः लिहिलं तर बघतो.' बघतो म्हणजे काय रे? थोरल्या भावाला बघतो म्हणतात का? तरीही मी लिहितोय. तुला विसर पडला असेल तर सांगतो. मी वादळात झालो, तू त्याच साली पुरात झालास. आधी वादळ, मग पूर. म्हणून मी दादा आणि तू बाळ. दोन महिन्यांनी का असेना, थोरला तो थोरला. दोन महिन्यांत माणूस बरंच काही शिकतो.

फोटोचा विषय निघालाच आहे तर एकदाच सांगून टाकतो. माझ्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफरने एकच खुर्ची ठेवली. ती थोरल्याची, हे मी ठरवलेलं नाही, जगानेच ठरवलंय. तू म्हणालास, "दादा, मी बसतो." मी एवढंच म्हणालो, "बाळ, मान ज्याचा त्याला द्यावा." त्यावर तू जेवणाच्या पंगतीतून उठून गेलास आणि दुसऱ्या आठवड्यात तुझं शिलाई मशीन उचलून परगावी. आपण दोघांनी मिळून गावातल्या निम्म्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्या रे. तू गेल्यावर जाड कापड मशीनखाली दोन्ही बाजूंनी ओढायला दुसरे हात नव्हते. मी बादलीत वीट घालून ती कापडाला बांधायचो. वीट बोलत नाही, हा तिचा एक फायदा.

तर २६ तारखेला उद्घाटन आहे. ये. फार काही अपेक्षा नाही. धाकट्याने आधी वाकायचं असतं म्हणून नुसतं "दादा, चुकलं" एवढं म्हण, की झालं. पुलावरून येताना बसच्या डाव्या बाजूला बसू नकोस, डावा कठडा मला कधीच आवडला नाही.

तुझा
दादा

ता.क. तुझी बायको कशी आहे? तिला आशीर्वाद. थोरला म्हणून देतो, राग नाही.


ता. ९ ऑक्टोबर

चि. बाळ यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पोस्टमन म्हणतो पत्र पोचलं असणार. "असणार" या शब्दावर माझा विश्वास नाही. पुलाचं काम मजबूत असणार, असंही म्हणतात.

काल लायब्ररीत जाऊन आलो. फोटो मोठे करून भिंतीवर लावायचं चाललंय. एका फोटोबद्दल माझा आणि बाईचा थोडा वाद झाला. तुझा त्याच्याशी काही संबंध नाही, सहज लिहितो.

फोटो पुराचा आहे. बाजाराच्या रस्त्यात पाणी, पाण्यात एक माणूस कपडे धुवायच्या मोठ्या टपात बसून वल्हवतोय, आणि मागे घड्याळाचा मनोरा. तुला मनोरा आठवतोच. बोडका. त्याचं टोक आपल्या वादळाने पाडलं. म्हणजे माझ्या वादळाने. लहानपणी मला सगळे त्यावरून चिडवायचे, "टोक कुठे ठेवलंस रे?" म्हणून.

तर फोटोतल्या मनोऱ्याला टोक आहे.

मी जवळून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. टोक आहे, त्याच्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडाही आहे.

बाई म्हणाली, "आजोबा, वादळाने टोक पडलं आणि पुराच्या वेळी टोक आहे. म्हणजे पूर..."

मी म्हटलं, "थांब. हा दुसरा कुठलातरी पूर असेल."

"बाजारात पाणी एकदाच आलंय."

"मग मधल्या दोन महिन्यांत नवं टोक बसवलं असेल."

"आपल्या नगरपालिकेने? दोन महिन्यांत? शहात्तर वर्षं झाली, अजून बसवलेलं नाही."

मग मी म्हटलं, "पण सगळं गाव वादळ-पूर म्हणतं. आधी वादळ, मग पूर. पूर-वादळ म्हणताना कोणाला ऐकलंयस?"

ती म्हणाली, "आपण चहापाणी म्हणतो. पाहुण्याला आधी काय देता?"

मी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"आणि आई-वडील म्हणतो. म्हणून आई वडिलांपेक्षा मोठी असते?"

"आमच्याकडे होती," असं म्हणून मी निघून आलो. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण घरी येईपर्यंत वाटेत आपोआप तोंडात तेच. भाजीपाला. बायकापोरं. सुईदोरा. सगळं उलटं करून बघत होतो. पूर-वादळ म्हणून पाहिलं. दुसऱ्याची कवळी तोंडात घातल्यासारखं वाटलं.

असो. हे सगळं गमतीचं. बाईला मी सांगितलंय की जुने फोटो फसवे असतात, तो इतक्यात लावू नकोस. जाता जाता एक विचारतो, तुझ्या आईने तुला कधी काही सांगितलं होतं का? कशाबद्दलही. सहज.

दादा


ता. १० ऑक्टोबर

बाळ,

कालच्या पत्रातला शेवटचा प्रश्न वाचू नकोस. वाचला असलास तर उत्तर देऊ नकोस.

दा.


ता. १४ ऑक्टोबर

श्री. बाळ यांस स.न.वि.वि.

हा मायना तुला विचित्र वाटेल. वीज कंपनीला लिहायचा मायना आहे हा. पण वर काय लिहावं यावर मी सकाळपासून बसलोय. चिरंजीव लिहवेना, तीर्थरूप लिहायला हात धजेना. शेवटी ज्यात थोरला-धाकटा काही कळत नाही तेच लिहिलं. आता पुढे वाच आणि हसू नकोस.

भट्टीवाल्या म्हातारीकडे गेलो होतो. पावाची भट्टी होती ती, आपल्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी. शहाण्णव वर्षांची आहे. त्या साली ती नवी नवरी होती. तेव्हाचं माणूस आता तेवढं एकच उरलंय. ऐकू मात्र तिला तिच्या सोयीने येतं.

ती अंगणात खाटेवर बसली होती. मी म्हटलं, "आजी, एक विचारायचं होतं. त्या साली आधी वादळ आलं, का पूर?"

"सूर? कसला सूर?"

"पूर, आजी."

"दूर? कोण दूर?"

मी तिच्या कानाशी वाकलो आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडलो, "पूर! पूर!"

बाळ, माझी गावात थोडी ख्याती आहे. गेल्या वर्षी मी एका ढगावरून दोन घरं रिकामी करायला लावली होती. तेव्हा माझ्या तोंडून "पूर" ऐकल्यावर काय झालं असेल ते तूच समज. समोरच्या घरातून गाद्या बाहेर आल्या. एकजण कुत्र्याला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायला लागला. दुसऱ्या मजल्यावरच्याने खाली वाकून शांतपणे विचारलं, "कुठपर्यंत आलंय?" म्हातारीची सून आतून धावत आली, तिच्या एका हातात गॅसचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचे दात. मी सगळ्यांना सांगत सुटलो, "आत्ताचा नव्हे हो! जुना! जुना पूर!" तर गाद्यावाला म्हणाला, "मग शहात्तर वर्षांनी कशाला ओरडता?"

या गडबडीत म्हातारीला बरोबर ऐकू आलं. म्हणाली, "पूर आधी."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? पुराने माझी भट्टी विझली. सुकवून, लिंपून पुन्हा पेटवली, आणि पहिला पाव बाहेर काढतेय तर तुझं वादळ आलं नि धुराडं घेऊन गेलं. ते काय मी विसरेन?"

"मग मला थोरला कसं म्हणतात?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझ्या आजीने ठरवलं. तुझा बाप थोरला ना? मग थोरल्याचा मुलगा धाकटा कसा? तुझा बाप म्हणाला, आई, पण तो दोन महिन्यांनी झालाय. ती म्हणाली, तू गप्प बस. तो बसला. झालं."

"आणि बाकीच्यांना हे माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुला कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मग नकोच सांगायला," म्हातारी म्हणाली. "तुला वाईट वाटेल."

घरी आलो. तुझ्या वहिनीने, म्हणजे आता ती तुझी वहिनी नाहीच, माझ्या बायकोने, तोंड बघून ओळखलं. सांगावं लागलं. ती हातातली भाजी तशीच ठेवून बसली.

"म्हणजे मी धाकटी जाऊ?"

"हो."

"पन्नास वर्षं मी थोरली म्हणून सगळ्यांच्या आधी उठले. तिने उलट उत्तर दिलं तर लहान आहे म्हणून सोडून दिलं. आणि ती बया थोरली असून निवांत धाकटी होऊन झोपत होती?"

"तिला तरी कुठे माहीत होतं?"

"तिला माहीत नसतं असं काही असतं का?" मग भाजी बाजूला सारून म्हणाली, "चहा करा. मी लहान आहे."

मी केला. साखर विसरलो. तिने थोरल्या जावेसारखं बघितलं. सवय जात नाही.

आता तुला हे मी का सांगितलं? न सांगूनही चाललं असतं. बाई कोणाला बोलणार नव्हती, म्हातारीचं कोणी ऐकत नाही. तू २६ तारखेला आला असतास, "दादा, चुकलं" म्हणाला असतास, मी तुझ्या पाठीवर हात ठेवला असता, फोटो निघाला असता. दोन दिवस मी तेच ठरवून होतो. पण रोज सकाळी तो बोडका मनोरा समोर दिसतो. आणि आणखी एक. धाकट्याने आधी लिहायचं असतं, या एका हिशोबावर मी एकोणीस वर्षं तुझ्या पत्राची वाट पाहिली. पत्र मीच लिहायला हवं होतं. म्हणजे ही सगळी वर्षं मी स्वतःच्याच पत्राची वाट बघत बसलो होतो.

आता उत्तर दे. काय वाटेल ते लिही, पण दे.

(इथे सही काय करायची ते कळत नाही.)


ता. १९ ऑक्टोबर

ती. बाळ यांस शि.सा.न.

आपलं पत्र मिळालं. आपण एवढं छोटं पत्र लिहाल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

जमत नाही. बायको मागे उभी राहून वाचतेय आणि "आपण" वाचून तिला ठसका लागला. तू म्हणूनच लिहितो. भावाला तू म्हटलेलं चालतं, मग तो वरचा असो की खालचा.

तुझं पत्र मला आता पाठ झालंय. 'दादा, सगळी पत्रं मिळाली. पूर आधी आला हे मला माहीत आहे. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा आईने सांगितलं. तुला सांगितलं नाही, कारण तू लहान होतास, रडला असतास. पुढे सांगायचं राहून गेलं. २६ला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यामुळे फोटोला येता येणार नाही. तुला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. बाळ.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इतका चिडलो की टोपी घालून बाहेर पडलो आणि कुठे जायचं ते आठवेना म्हणून परत आलो. तू लहान होतास! तू दहाचा होतास तर मी काय पाळण्यात होतो? मीही दहाचाच होतो, दोन महिने कमी. आणि मी रडलो असतो हे तुला कोणी सांगितलं? बायको म्हणाली, "आत्ता काय करताय?" मी म्हटलं, कानातला वारा डोळ्यात आलाय.

बाळ, तुला माहीत होतं. पतंगाची पहिली ढील मी द्यायचो तेव्हा माहीत होतं. सायकल आली आणि मी पुढे, तू मागच्या कॅरियरवर, तेव्हाही. दुकानात उजेडातलं मशीन माझं आणि कोपऱ्यातलं तुझं. त्या कोपऱ्यात तू काळ्या कापडावर काळा दोरा घालायचास आणि मी म्हणायचो, "धाकट्याचे डोळे तरुण असतात." तू काही न बोलता सुई ओवायचास.

आणि ती खुर्ची. गेली एकोणीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की बाळने मान मागितला. मान तर तुझाच होता, तो तू कधी मागितलाच नाहीस. तू खुर्ची मागितलीस. तेव्हापासूनच दुखत होता का रे तो गुडघा? हाच का तो? हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मी विचारलं नसतं तर लिहिलंही नसतंस. असले थोरले भाऊ असतात म्हणून धाकटे वेडे होतात.

आता २६ तारखेचं. माझी मोठी पंचाईत झाली आहे. लायब्ररीच्या बाईने पत्रिका छापल्या. त्यात "वादळात जन्मलेले ज्येष्ठ नागरिक यांच्या हस्ते" असं माझं आहे. ज्येष्ठ शब्दावर अंगठा ठेवून मी पत्रिका बायकोला दाखवली. जावयाने मला नवा कोट शिवून आणला. चौकातला न्हावी म्हणतो त्या दिवशी फुकट दाढी करीन. लहानपणापासून मला मनोरा पाडणारा म्हणून चिडवणारे जे काही चारजण शिल्लक आहेत, ते पहिल्या रांगेत बसणार आहेत. एवढा मान मला आयुष्यात मिळालेला नाही, आणि तो नेमका तुझ्या गुडघ्याच्या दिवशी.

त्यात रेडिओ म्हणतो २५ पासून मोठं वादळ. बस पुलावरून जाते. पुलावर मी गेल्या अकरा-बारा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. मी येऊन करणार तरी काय? डॉक्टर आहेत, तुझी मुलं आहेत. मी नुसता बाहेर बसून प्रश्न विचारणार. तू तरी असतास का आला, माझं असतं तर?

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. तू आला असतास.

पुन्हा लिहितो.

तुझा
(बायको म्हणते, नुसतं "तुझा" पुरे)


ता. २३ ऑक्टोबर

ती. बाळदादा यांस शि.सा.न.

मी येतोय. परवा २५ तारखेला सकाळच्या पहिल्या बसने. बायकोही येते म्हणते. मला सोबत म्हणून नव्हे, तिला थोरल्या जावेशी पन्नास वर्षांचं बोलायचंय. तुझ्या बायकोला तेवढी कल्पना देऊन ठेव.

लायब्ररीच्या बाईला काल सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मग रिबीन कोण कापणार?" म्हटलं, "भट्टीवाल्या म्हातारीला बोलाव. आम्ही दोघं झालो तेव्हा ती पाव भाजत होती. आमच्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे." बाई म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही." मी म्हटलं, "कापायला कशाला ऐकू यायला हवं?" टोकवाला फोटो मात्र मी माझ्या देखत समोरच्या भिंतीवर ठोकून घेतला. खाली पाटी लावली, 'आधी पूर, नंतर वादळ'. पेंटर म्हणाला, चुकीचं आहे, सगळं गाव वादळ-पूर म्हणतं. त्याला मी म्हटलं, "चहापाणी." त्याला वाटलं मी चहा मागवतोय, तो घेऊन आला.

न्हाव्याने दाढी आजच करून दिली. कोट घालून येणार आहे. वाया कशाला घालवायचा? ऑपरेशनलाही माणसं बघतात.

आता महत्त्वाचं. या दोन-तीन दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती कळल्यावर मी इतका गाढ झोपलो की बायकोने दोनदा नाकाशी हात धरून बघितला. काळजी करणं हे थोरल्याचं काम असतं. ते मी शहात्तर वर्षं चुकून केलं. दुकानाला कुलूप लावून तू घरी जेवायला जायचास, मी अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन कुलूप ओढून बघायचो. ढग आला की मीच गच्चीवर. सगळ्यांना वाटायचं माझा स्वभाव असा आहे. स्वभाव नव्हे रे, माझ्याकडे दुसऱ्याची नोकरी होती.

तेव्हा चार्ज देतो, नीट घे. दुकानावरची ताडपत्री उत्तरेच्या कोपऱ्यात सैल आहे. वारा तिकडूनच येणार आहे, त्याची काळजी कर. स्वयंपाकघरातला नळ बंद केला की नाही हे मला बसमध्ये आठवणार नाही, ते तू आठव. पुलाचं मी मागे लिहिलंच आहे. बस पुलावर आली की तू तिकडे घाबरायला सुरुवात कर, उतरलो की थांब. तुझ्या मधल्या मुलाच्या नोकरीची काळजी मी एकोणीस वर्षं इथून करत होतो, तीही आता तूच कर. आणि रेडिओ. सकाळ-संध्याकाळ हवामान ऐकायचं. मी ऐकणार नाही. तुला पलंगावर पडून दुसरं काम तरी काय आहे?

मी मात्र बसमध्ये खिडकीशी बसणार. डाव्या बाजूला. बायकोने जागा सांगून ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र तुला देता येत नाही, ती माझ्याकडेच राहील. दवाखान्यात तुला आत नेताना नर्स विचारेल, बरोबर कोण आहे? तेव्हा मुलांची नावं सांगू नकोस. सांग, धाकटा भाऊ आहे, बाहेर बाकावर बसलाय. कोणता म्हणाली तर सांग, कोट घातलेला, आणि सगळ्यांत जास्त घाबरलेला दिसेल तो.

तुझा धाकटा